नाराजी एवढी दिसते, तरी तोच नेता पुन्हा कसा निवडून येतो?

प्रश्न विलेपार्ल्यात राहणाऱ्या आणि फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा आहे. त्यांच्या सोसायटीत, कार्यालयात आणि रोजच्या लोकलच्या डब्यात सत्तेवरच्या राष्ट्रीय नेत्याविषयी बरे बोलणारा माणूस महिनोन्‌महिने भेटत नाही, आणि तरीही निकालाच्या दिवशी तोच नेता पुन्हा शपथ घ्यायला निघालेला असतो. परदेशांतही हेच घडताना ते पाहतात. मग लोक खोटे बोलतात, की त्यांना कळत नाही, की मोजणीतच काही काळेबेरे असते, असे त्यांनी विचारले आहे. मुंबईत आणि राज्यात मतदार सर्वेक्षणाचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, तेव्हा त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो. कोणत्याही एका पक्षाची वकिली करण्याचा हेतू नाही. उदाहरणे सर्व बाजूंची घेतली आहेत.

आधी त्या डब्याविषयी. आपल्या भोवतीची माणसे म्हणजे देश नव्हे, हे सर्वांना ठाऊक असते, पण किती नव्हे, याचा अंदाज फारच थोड्यांना असतो. १९८० सालच्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परत आल्या. तीनच वर्षांपूर्वी आणीबाणीच्या रागातून देशाने त्यांना स्वतःच्या रायबरेलीतही पाडले होते. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३९ जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या. मुंबईतल्या सहा जागांचे काय झाले? रतनसिंह राजदा, प्रमिला दंडवते, राम जेठमलानी, सुब्रमण्यम स्वामी आणि रवींद्र वर्मा हे जनता पक्षाचे पाच उमेदवार येथून निवडून आले. इंदिरा काँग्रेसच्या वाट्याला एकच जागा आली. जनता पक्षाला देशभरात मिळालेल्या एकूण ३१ जागांपैकी पाच एकट्या मुंबईच्या होत्या. त्या जानेवारीत गिरगावात किंवा गोरेगावात राहणाऱ्या माणसाने आजूबाजूला कान देऊन ‘बाईंना कोणी मत देणार नाही’ असा निष्कर्ष काढला असता, तर तो आपल्या शहरापुरता बरोबर ठरला असता. देशाबाबत तो पूर्ण चुकला असता.

तरीही ‘आपण फुग्यात राहतो’ एवढे म्हणून हात झटकणे मला पुरेसे वाटत नाही. कारण पुष्कळदा नाराजी खरोखरच देशभर पसरलेली असते, नीट केलेल्या सर्वेक्षणांतही ती उतरते, आणि तरीही नेता टिकतो. तेथे मुद्दा वेगळा असतो. ‘पंतप्रधानांच्या कामावर आपण समाधानी आहात का?’ हा एक प्रश्न आहे आणि ‘या यादीतल्या कोणापुढचे बटण दाबाल?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नात माणूस नेत्याची तुलना आपल्या अपेक्षांशी करतो, दुसऱ्यात समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाशी. अपेक्षांशी तुलना झाली की जवळपास प्रत्येक सत्ताधारी उणा ठरतो, आणि आपण दिवसभर ऐकतो ती चर्चा बहुतेक करून याच पहिल्या प्रश्नाची असते.

आमच्या कामात म्हणूनच नाराजांचा एकूण आकडा फारसा उपयोगाचा मानला जात नाही. तो मथळ्यासाठी चांगला असतो. आम्ही एक साधा तक्ता करतो: गेल्या वेळी कोणाला मत दिले ते एका बाजूला, आज काय वाटते ते दुसऱ्या बाजूला. समजा, शंभर मतदारांपैकी चाळीस जणांनी गेल्या वेळी या नेत्याच्या पक्षाला मत दिले होते आणि आज साठ जण नेत्यावर नाराज आहेत. साठ म्हटल्यावर धडकी भरते. पण त्या साठांतले बावन्न जण जर गेल्या वेळीही विरोधातच होते, तर त्यांची नाराजी कितीही तीव्र झाली तरी त्याच्या खात्यातून एकही मत वजा होत नाही. एका मतदाराला रागाच्या प्रमाणात दोन मते देता येत नाहीत. खरा प्रश्न उरलेल्या आठांचा. त्यांतले तीन जण शेवटच्या आठवड्यात ‘झाले गेले ते जाऊ द्या’ म्हणत परत येतात, दोघे मतदानालाच जात नाहीत आणि तिघे दुसरीकडे जातात. नेत्याकडे पस्तीस मते राहिली. समोरची त्रेसष्ट मते तीन पक्षांत वाटली गेली असतील, तर पस्तीसवाला आरामात जिंकतो. हा हिशेब काल्पनिक आहे, पण त्याची ठेवण अगदी नेहमीची आहे. स्वतंत्र भारतात आजवर कोणत्याही पक्षाला लोकसभेत निम्मी मते मिळालेली नाहीत, १९८४ च्या प्रचंड लाटेतही नाहीत. २०१४ साली भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या, २००५ साली इराक युद्धामुळे बदनाम झालेल्या टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाने ब्रिटनमध्ये ३५ टक्क्यांवर स्पष्ट बहुमत राखले, आणि कॅनडात जस्टिन ट्रूडो यांचा पक्ष २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही निवडणुकांत प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी मते मिळवूनही सत्तेत राहिला. ‘बहुसंख्यांना नको असलेला नेता’ हे वर्णन या पद्धतीत जवळजवळ प्रत्येक विजेत्याला लागू पडते.

आता त्या आठ जणांच्या मनात काय चालते ते पाहू, कारण निवडणूक तेथेच ठरते. मुंबईच्या चाळींत, पुनर्वसनाच्या इमारतींत आणि वस्त्यांमध्ये मुलाखती घेताना सर्वांत जास्त वेळा कानावर येणारे वाक्य नेत्याच्या स्तुतीचे नसते आणि निंदेचेही नसते. ते असते, ‘पण दुसरा आहे कोण?’ दगडापेक्षा वीट मऊ, हा त्यामागचा विचार. सुशिक्षित मंडळी याला पळवाट समजतात. मला तो विचार पुष्कळ शहाणपणाचा वाटतो. ज्याच्या घरात महिनाअखेरीस हाती काही उरत नाही, त्याला राजकीय अस्थिरतेची किंमत आपल्या आधी मोजावी लागते. परिचित दुःख तो सोसू शकतो, पण आगीतून फुफाट्यात पडणे त्याला परवडत नाही. १९८० च्या निकालामागे हेच मोठे कारण होते. इंदिराबाईंविषयीचा राग तीन वर्षांत पूर्ण विरला होता असे नाही. पण दरम्यान जनता पक्षाचे सरकार आपापसांत भांडून कोसळले, चरणसिंग पंतप्रधान झाले आणि संसदेला सामोरे न जाताच पायउतार झाले, कांद्याचे भाव कडाडले, आणि मतदारापुढचा प्रश्नच बदलला. १९७७ साली तो ‘आणीबाणी हवी की नको’ असा होता. १९८० साली ‘सरकार चालवणार कोण’ असा झाला.

कुशल नेते हा प्रश्न बदलण्याचे काम जाणीवपूर्वक करतात. अमेरिकेत १९४८ साली अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांची लोकप्रियता इतकी घसरली होती, आणि त्यांच्या पक्षातून डावा व उजवा असे दोन गट फुटून इतके दूर गेले होते, की त्यांच्या पराभवाविषयी बहुतेकांच्या मनात शंका उरली नव्हती. ट्रुमन यांनी विरोधकांच्या ताब्यातल्या संसदेचे खास अधिवेशन बोलावले, ते निष्फळ ठरल्यावर ‘काहीही न करणारी संसद’ असा तिच्यावर शिक्का मारला आणि आगगाडीने देशभर फिरून स्वतःच्या कामगिरीऐवजी विरोधकांच्या निष्क्रियतेवर निवडणूक लढवली. प्रतिस्पर्धी थॉमस ड्युई यांना १८९ आणि ट्रुमन यांना ३०३ निर्वाचक मते मिळाली. सर्वेक्षण संस्थांनी निकाल ठरल्यासारखाच आहे असे मानून मतदानाच्या बऱ्याच आधी मुलाखती थांबवल्या होत्या. आमच्या धंद्यात तो धडा आजही शिकवला जातो.

फ्रान्समध्ये २०२२ साली याचेच दुसरे रूप दिसले. इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्याविरुद्ध पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर उतरलेल्यांचे आंदोलन महिनोन्‌महिने चालले होते आणि पहिल्या फेरीत त्यांना २८ टक्क्यांच्या आतच मते मिळाली. दुसऱ्या फेरीत समोर मरीन ल पेन होत्या, आणि मॅक्रॉन साडेअठ्ठावन्न टक्के मतांनी निवडून आले. विजयाच्या भाषणात त्यांनी स्वतःच मान्य केले की अनेकांनी आपल्या विचारांना पाठिंबा म्हणून मत दिलेले नाही, तर अतिउजव्यांना रोखण्यासाठी दिले आहे. दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी संसदेत त्यांचे बहुमत काढून घेतले. भारतात २०२४ साली भाजपच्या जागा ३०३ वरून २४० वर आल्या, सरकार मात्र मित्रपक्षांच्या आधाराने राहिले, तेव्हा निकालाचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा अर्धाच भाग वाचला. मतदार एकाच वेळी नेत्याला ठेवू शकतो आणि त्याचे पंखही छाटू शकतो.

मुंबईकरांना अधिक जवळचे उदाहरण २००९ चे आहे, आणि त्यावर जरा थांबावेसे वाटते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर या शहराने राज्यकर्त्यांविषयी दाखवलेला संताप ज्यांनी पाहिला आहे, ते तो विसरणार नाहीत. ३ डिसेंबरला गेटवेजवळ हजारो माणसे जमली. राजकारण्यांनी आमच्या दारात येऊ नये, कर भरणार नाही, अशी भाषा तेथे सर्रास ऐकू येत होती. पाच महिन्यांनी, ३० एप्रिल २००९ रोजी, मुंबईत मतदान झाले. सहाच्या सहा जागा केंद्रात आणि राज्यात सत्तेवर असलेल्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने जिंकल्या आणि मनमोहन सिंग पुन्हा पंतप्रधान झाले.

हे कसे झाले? एक तर संतापाला वाट मिळाली होती. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि उपमुख्यमंत्री व राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील या तिघांना काही दिवसांच्या अंतराने पदे सोडावी लागली. चेहरे बदलले की रागाची धार बोथट होते. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाने १९९० साली मार्गारेट थॅचर यांना बाजूला करून जॉन मेजर यांना पुढे आणले आणि मंदी असूनही १९९२ ची निवडणूक जिंकली, त्यातही हेच सूत्र होते. (आर. आर. पाटील त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीनंतर पुन्हा गृहमंत्री झाले, आणि त्यावर फारसा गदारोळही झाला नाही.) दुसरे कारण विरोधी मतांच्या फाळणीचे. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मुंबईतल्या प्रत्येक मतदारसंघात लाखाहून अधिक मते घेतली. ईशान्य मुंबईत भाजपचे किरीट सोमय्या तीन हजारांहून कमी मतांनी पडले, तेथे मनसेच्या उमेदवाराला दोन लाखांच्या जवळपास मते होती. तिसरे कारण सर्वांत कडू आहे. एवढ्या संतापानंतर मुंबईत मतदान झाले सुमारे ४१ टक्के. मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिलेल्या वर्गाला आवडावा असा उमेदवार दक्षिण मुंबईत होताही. बँकिंग क्षेत्रातल्या मीरा सान्याल अपक्ष म्हणून उभ्या होत्या, पण त्यांची अनामत रक्कम जप्त झाली. जो राग मतदार यादीपर्यंत, केंद्रापर्यंत आणि एका चिन्हापर्यंत पोहोचत नाही, त्याची मोजणीच्या टेबलावर नोंद होत नाही.

चौथेही एक कारण होते आणि ते मुंबईबाहेरचे होते. २००८ ची शेतकरी कर्जमाफी, रोजगार हमीचा केंद्रीय कायदा, वाढते उत्पन्न यांचा हिशेब ग्रामीण मतदाराने वेगळा मांडला होता. ज्या गोष्टीबद्दल माणूस कुरकुर करतो, तीच गोष्ट धरून तो मत देतो असे नाही. महागाईबद्दल बोलायला सुरुवात करा, प्रत्येक घरात अर्धा तास जाईल. पण ‘गेल्या पाच वर्षांत घरात काय आले’ असे विचारल्यावर गॅस, नळ, खात्यावर जमा होणारी रक्कम, रेशनचे धान्य अशी उत्तरे येतात. करोनाच्या काळात सुरू झालेले माणशी पाच किलो मोफत धान्य सुमारे ८० कोटी लोकांसाठी आहे. त्याची किंमत जेवणानंतर राजकारणावर चर्चा करणाऱ्या घराला कळणे कठीण आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी १७ जागांवर आलेली महायुती नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागांवर गेली. त्याला एकच कारण नव्हते, पण मधल्या काळात ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये खात्यांवर जमा होऊ लागले होते, हे विसरून त्या निकालाचा अर्थ लागत नाही. याला लाच म्हणायचे की कल्याण, हा वाद करावा. मतदार बाई मात्र त्याला ‘मिळाले’ असे म्हणते, आणि आधीच्या किती आश्वासनांपैकी किती मिळाले, हे तिला आपल्यापेक्षा चांगले आठवते.

‘लोकांना कळत नाही’ हे स्पष्टीकरण मी या कारणासाठी मानत नाही. ते आळशी आहे. मात्र मतदार शहाणा असला तरी मैदान नेहमी समतल असते असे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तुर्कस्तानात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अधिकृत महागाई दर ८५ टक्क्यांवर गेला होता, २०२३ च्या फेब्रुवारीत भूकंपाने पन्नास हजारांहून अधिक माणसे मारली, बांधकामांवरच्या ढिल्या देखरेखीबद्दल आणि मदतीच्या दिरंगाईबद्दल सरकारवर टीका झाली. तरीही मे महिन्यात अध्यक्ष रेजेप तय्यिप एर्दोआन दुसऱ्या फेरीत ५२ टक्के मतांनी जिंकले, आणि भूकंपग्रस्त प्रांतांपैकी बहुतेकांत ते पुढे होते. सहा विरोधी पक्षांनी एकत्र येण्याचा प्रयत्न केला होता, पण उमेदवार कोण यावरून ऐन वेळी त्यांच्यात जाहीर रुसवेफुगवे झाले. दुसरीकडे किमान वेतनातली वाढ, मुदतपूर्व निवृत्तीची सवलत, घरगुती गॅसची माफी हे सारे निवडणुकीच्या तोंडावर आले, आणि दूरचित्रवाणीचा मोठा भाग सरकारच्या बाजूने झुकलेला होता. परदेशी निरीक्षकांनी त्यावर बोट ठेवले. सत्तेवर असणाऱ्याकडे तिजोरी असते, पुष्कळदा तारीख ठरवण्याची मोकळीक असते आणि पडद्यावरची जागा असते. त्यामुळे त्याला पाडायला नुसती नाराजी पुरत नाही, बरीच जास्त नाराजी लागते.

लोक खोटे बोलतात का? थोडेसे, आणि दोन्ही दिशांना. सर्वेक्षक दारात उभा असतो, पाठीमागे सासरे बसलेले असतात, शेजारी कान देऊन असतो. अशा वेळी त्या घरात, त्या गल्लीत जे बोलणे सोयीचे तेच बोलले जाते. ज्या वर्गात नेत्याला नावे ठेवणे ही सभ्यतेची खूण मानली जाते, तेथे त्याचा मतदार गप्प राहतो. जेथे शाखेचा किंवा कार्यकर्त्यांचा दबदबा असतो, तेथे विरोधक गप्प राहतो. ब्रिटनमध्ये १९९२ साली सर्वेक्षणे चुकल्यावर झालेल्या चौकशीत हुजूर पक्षाचे काही मतदार आपली पसंती सांगायला नाखूश होते, असे आढळले होते. आपल्याकडे लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेचे सर्वेक्षक मतदानोत्तर मुलाखतीत मत तोंडी विचारण्याऐवजी नमुना मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगतात, ते याच कारणासाठी. पण माझ्या मते मुंबईत याहून मोठी अडचण न भेटणाऱ्या माणसांची आहे. उंच इमारतींच्या फाटकातून सुरक्षारक्षक आत सोडत नाही, पहाटे कामावर निघणारा वसई-विरारचा किंवा बदलापूरचा माणूस दिवसा घरी सापडत नाही, मे महिन्यात निम्मी चाळ गावी गेलेली असते. जे सहज भेटतात त्यांचेच मत गोळा केले, तर १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाचे जे झाले तेच होते: दूरध्वनी आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांवरून मागवलेली वीस लाखांहून अधिक उत्तरे हाती होती, आणि त्यांच्या अंदाजानुसार हरणारे रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले.

मतदान यंत्रांचा प्रश्न येथे थोडक्यात घेतो, कारण तो विचारला जाणारच. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच यंत्रांच्या कागदी (व्हीव्हीपॅट) चिठ्ठ्या मोजून पडताळल्या जातात; सर्वच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. पडताळणी वाढवावी की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण आपल्याला पडलेले कोडे यंत्रांमुळे निर्माण झालेले नाही. इंदिरा गांधी कागदी मतपत्रिकेवर परत आल्या, आणि ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान येथील वर सांगितलेले निकालही बहुतांशी कागदावरचेच होते.

मग असा नेता पडतो केव्हा? नाराजांची संख्या वाढते तेव्हा नव्हे, तर त्यांना जाण्याजोगे एक ठिकाण मिळते तेव्हा. १९७७ साली चार पक्षांनी एकत्र येऊन बहुतेक ठिकाणी एकाच चिन्हावर निवडणूक लढवली आणि काँग्रेस ३४ टक्क्यांहून अधिक मते मिळवूनही १५४ जागांवर आली. १९८९ साली राजीव गांधींच्या काँग्रेसला साडेएकोणचाळीस टक्के मते होती, म्हणजे भाजपला २०१९ साली मिळालेल्या मतांपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त. भाजपला २०१९ साली ३०३ जागा मिळाल्या. काँग्रेसला १९८९ साली १९७ मिळाल्या आणि सरकार गेले, कारण जनता दल, भाजप आणि डाव्यांनी बऱ्याच राज्यांत एकमेकांच्या वाटेत उमेदवार उभे केले नव्हते. तेव्हा पुढच्या निवडणुकीआधी डब्यातल्या चर्चेवरून अंदाज बांधायचा असेल, तर नेत्याविषयी काय वाटते हे विचारू नका. गेल्या वेळी त्याला मत दिलेले चार जण शोधा आणि या वेळी नेमके कोणाला देणार, ते नाव विचारा. चौघांनी चार वेगवेगळी नावे घेतली, किंवा ‘बघू’ म्हणून विषय बदलला, तर तो नेता बहुधा राहणार आहे.